दोन दिवसांपुरत्याच गोळ्या

आमच्या जळगावात औषधाच्या दुकानाला कुणी औषधाचं दुकान म्हणत नाही. मेडिकल म्हणतात. आणि मेडिकलच्या काउंटरमागे जो उभा असेल त्याला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, हे मी गेली बावीस वर्षं सांगते आहे. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि "बरं, येतो डॉक्टर" म्हणून निघून जातो.

असोद्याच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आधी डिप्लोमा केला, मग डिग्री. फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आलं तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते फ्रेम करून आणलं आणि घरात टीव्हीच्या वर खिळाही ठोकला. हा कागद कायद्यानं दुकानात टांगावा लागतो, हे त्यांना समजावताना मला फार्माकॉलॉजीच्या परीक्षेपेक्षा जास्त घाम फुटला. मग काही महिने ते केळीच्या कामानं शहरात आले की दुकानात डोकावत. काय देऊ, असं विचारलं की म्हणायचे, "काही नही. पोरीचा कागद वाकडा तं नही झाला, पाह्याले आलो."

दुकान माझं नाही. शेठजींचं आहे. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. औषधधंद्याबाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते म्हणून सांगते. मेडिकल चालवायला फार्मासिस्ट लागतो. पण लागतो म्हणजे पुष्कळ ठिकाणी त्याचा कागद लागतो. कागद भिंतीवर आणि माणूस घरी, अशी ही जुनी सोय आहे. शेठजींनीही मला तीच सोय देऊ केली होती, अगदी मायेनं. "बेटा, उन्हातान्हात कशाला येते? सर्टिफिकेट देऊन टाक, तू घरी आराम कर." मी म्हटलं, आराम करायचा असता तर इतकी वर्षं एसटीत उभं राहून कॉलेज केलं नसतं. कागद आणि मी, दोघं एकत्रच येऊ. शेठजींनी मान्य केलं, पण त्या दिवसापासून मी बेटाची मॅडम झाले. भांडायचं असलं की ते मला मॅडम म्हणतात. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी मला दुसरी हाक मारलेली नाही.

तर, गोळ्यांची गोष्ट.

साध्या अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्यांना आमच्याकडे कुणी चिठ्ठी मागत नाही. माणूस येतो, कपाळाला हात लावतो, आपण गोळ्यांची पट्टी काढतो. दोन हव्या असल्या तर कात्रीनं दोन कापून देतो, घरात ठेवायला हव्या असल्या तर मूठभर पट्ट्या पिशवीत टाकतो. माझा हात त्या कात्रीला इतका सरावला होता की कापताना मान वर करायचीही गरज नव्हती. पैसे घेतले, पुढचा. कोण होता, विचारलं तर सांगता आलं नसतं.

एकदा धुळ्याला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणात जेवण चांगलं असतं आणि जेवणानंतरचं व्याख्यान झोप काढायला असतं. त्या दिवशी मात्र जेवणानंतर मानसोपचाराच्या एक डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि आल्या आल्या विचारलं, तुमच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या कोण किती नेतो, हे कधी पाहता का? त्या म्हणाल्या, काही देशांत कायदाच आहे, या गोळ्या एका वेळी ठरावीक मापापेक्षा जास्त विकायच्या नाहीत. कारण गोळी साधी असली तरी माप सुटलं की साधी राहत नाही, आणि जीव द्यायचा विचार पुष्कळदा आपल्याकडच्या वावटळीसारखा असतो. येतो, सगळं अंधारून टाकतो आणि निघून जातो. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, तो दुसऱ्या दुकानात जाईल की. बाई म्हणाल्या, पुष्कळ जण जात नाहीत. आणि जाईपर्यंतचा जो वेळ आहे ना, तोच आपल्याला हवा आहे. आणखी एक सांगितलं. शंका आली तर सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. इतक्या वर्षांतल्या त्या मान खाली घालून कापलेल्या पट्ट्या काही केल्या डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून बोर्ड लावला : अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्या दोन दिवसांपुरत्याच मिळतील. कृपया वाद घालू नये.

पहिला वाद शेठजींनीच घातला. त्यांचं म्हणणं, मॅडम, आपण दुकान उघडलंय की शाळा? गिऱ्हाईक समोरच्या मेडिकलमध्ये जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, तेवढंच त्याचं चालणं होईल.

गिऱ्हाइकांनी काय काय केलं, ते एकेक लिहिण्यासारखं आहे. केळी कापणाऱ्या टोळीचा एक मुकादम नेहमी सगळ्या मजुरांसाठी एकदम गोळ्या न्यायचा. नियम ऐकून त्यानं दुसऱ्या दिवशी अख्खी टोळीच टेम्पोतून आणली आणि दुकानासमोर रांगेत उभी केली. वर मला म्हणाला, घ्या, मोजून द्या. मी खरंच एकेकाला काय दुखतं ते विचारून दिल्या. चौघांना गोळी नकोच होती, ते नुसते टेम्पोत बसायला मिळतं म्हणून आले होते. एक जोडपं सकाळी नवरा, दुपारी बायको आणि संध्याकाळी सासू अशा पाळ्या लावून यायचं. मी सासूबाईंना विचारलं, घरात एवढं कुणाचं दुखतं? त्या म्हणाल्या, कुणाचंच नाही, पण तू देत नाही म्हटल्यावर घरात असाव्या वाटतात.

धुळ्याकडचे एक काका तर बोर्डासमोर उभे राहून माझ्यावर अहिराणीत उखडले. "ताई, इतला सवाल कसाले इचारी ऱ्हायनी? डोकं मनं दुखी ऱ्हायनं, तुनं नही." मी म्हटलं, काका, तुम्ही असेच बोलत राहिलात तर माझंही दुखेल. काका हसले, दोन दिवसांच्या घेऊन गेले. आता ते या बाजूला आले की मुद्दाम आमच्याच दुकानात येतात आणि सवाल विचारायच्या आधीच सगळी उत्तरं सांगून टाकतात.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि मला माझ्या बोर्डाचा गर्व चढला होता. हे कबूल करायला हवं, कारण पुढची चूक त्या गर्वातून झाली.

माझा नियम कुणासाठी होता? अनोळखी माणसासाठी. आमच्याकडे ओळख हे फार मोठं सर्टिफिकेट आहे. ओळखीच्या माणसाला रांग नसते. त्याला खुर्ची देतात, चहा विचारतात, आणि प्रश्न तर अजिबात विचारत नाहीत. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. तेव्हा नवा चेहरा आला की मी पोलिसासारखी चौकशी करायची आणि ओळखीचा आला की म्हणेल तितकं काढून द्यायची. मला त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं.

विमलअक्का आमच्या अगदी ओळखीच्या. हे नाव खरं नाही. त्यांना विचारून आणि हे सगळं आधी वाचायला देऊनच लिहिते आहे. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, त्यामुळे कागद परत आला तो लाल पेनानं रंगवून, आणि खाली शेरा, "अक्षर सुधारणे." अक्कांचं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर. त्या कुठलीही वस्तू तारीख बघितल्याशिवाय घेत नाहीत. पर्समधून भिंग काढायचं, एक्सपायरी मोठ्यानं वाचायची, आणि मागे ठेवलेली जास्त ताजी पट्टी काढायला लावायची. शेठजी त्यांना पाठीमागे ड्रग इन्स्पेक्टर म्हणत.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक ट्रकवाला आला. परगावचा, गाल सुजलेला. पट्टीभर गोळ्या मागितल्या. मी त्याची उलटतपासणी घेतली. कुठं दुखतं, कधीपासून, दारू घेतोस का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का, घरी काही भांडण झालंय का. बिचारा दाढ धरून उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, ताई, उपटून दे त्यापेक्षा. दोन दिवसांच्या दिल्या, दाताच्या डॉक्टरकडे धाडलं.

त्याच्या पाठीमागे अक्का उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, महिला मंडळाची पंधरा दिवसांची सहल निघाली आहे, सगळ्यांचे गुडघे दुखणार, तेव्हा जास्त दे. मी एक प्रश्न विचारला नाही. मागच्या कपाटातला बॉक्स काढला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि वर म्हटलं, जपून जा अक्का, मजा करा. त्या गेल्या.

मी पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचत होते. शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "मॅडम, बाईंनी आज तारीख नाही बघितली."

मी म्हटलं, गाडीची घाई असेल.

"घाईत पण बघतात. मागच्या वर्षी सर गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी ओआरएस घ्यायला आल्या, तेव्हा पण बघितली होती."

सर म्हणजे अक्कांचे यजमान. मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. ज्या माणसाला वस्तू पुढे वापरायची आहे तो तारीख बघतो. आणि मग आठवलं, महिला मंडळाची सहल गेल्या महिन्यातच होऊन गेली होती. त्या बायकांच्या उलट्यांच्या गोळ्या मीच दिल्या होत्या, आणि अक्का त्या सहलीला गेल्या नव्हत्या.

शेठजींनी दिवसाढवळ्या शटर खाली ओढलं. चिठ्ठीवाल्याला त्यांनी हात धरून समोरच्या मेडिकलमध्ये पोचवलं, हे त्यांच्या बाबतीत केवढं आहे ते जळगावकरच समजू शकतील. मग स्कूटर काढली. मी मागे बसले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण शेठजी जन्मात पहिल्यांदा इतक्या जोरात चालवत होते, तेव्हा देवाचं नाव मी दोन कारणांसाठी घेत होते.

अक्कांनी दार उघडलं. जेवणाच्या टेबलावर पिशवी होती. मी मारलेली गाठ तशीच होती.

धुळ्याच्या बाईंनी सांगितलं होतं, सरळ विचारा. मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, अक्का, मघाचा माल कंपनीनं परत मागवलाय, चुकून दिला गेला, परत द्या.

"बॅच नंबर सांग," अक्का म्हणाल्या.

नंबर मला कुठला ठाऊक. शेठजी म्हणाले, लांबलचक आहे, दुकानात लिहिलेला आहे.

"आणि तेवढ्यासाठी दुकान बंद करून दोघं आलात."

शेठजी आपल्या चपलांकडे बघायला लागले. आता माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, जीव द्यायचं मनात आहे का?"

वाक्य तोंडातून बाहेर पडताना वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बोर्ड तूच लावलास ना?"

"हो."

"मग दुकानात का विचारलं नाहीस? त्या दाढदुखीवाल्याला पाच प्रश्न विचारलेस. मी मागे उभी राहून मोजत होते. म्हटलं, आता आपली पाळी. तुझ्याच दुकानात आले ती त्यासाठीच आले असेन, मला नक्की सांगता येत नाही. विचारलं असतंस तर खरं सांगायचं की खोटं, तेही ठरलं नव्हतं. पण तू विचारलंच नाहीस. बॉक्स काढून दिलास. वर म्हणालीस, मजा करा."

कुठल्याही परीक्षेत मी इतकी वाईट नापास झालेली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून शेठजी अक्कांना म्हणाले, बाई, चहा मिळेल का, मॅडमचा बीपी उतरला. अक्का उठल्या आणि त्यांनी खरंच चहा ठेवला. पिशवी शेठजींनी कधी उचलली ते मला दिसलंही नाही. चहा उकळेपर्यंत अक्का ओट्याकडे तोंड करून बोलत राहिल्या. सर गेल्यापासूनची संध्याकाळ, झोप न लागणं, कुणी आलं की आपण बरे आहोत असं दाखवण्याचा कंटाळा. कारण म्हणावं असं एक काही नव्हतं. मी ऐकत बसले. तेवढं तरी त्या दिवशी जमलं.

पुण्याला मुलाला फोन त्यांनी स्वतः केला. नंबर मी लावून दिला. तो येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. शेठजींनी त्यांच्याशी पत्त्यांचे डाव मांडले आणि सगळे हरले. दुकान अख्खा दिवस बंद, त्यामुळे गल्लीत बातमी पसरली की शेठजींवर धाड पडली. शेठजींनी ती खोडून काढली नाही. खरं सांगण्यापेक्षा धाड बरी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी अक्कांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. उपचार सुरू झाले. लगेच जादू झाली नाही. मधले काही आठवडे अवघड गेले. पण गेले.

आमच्या दुकानात मात्र नियम बदलला. आता चौकशी सगळ्यांची होते आणि ओळखीच्यांची जास्त. यात शेठजी माझ्या चार पावलं पुढे गेले आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी डोकं धरून आलेल्या एका नवरदेवाला त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं, "बेटा, मनात दुसरं काही नाही ना?" की त्याच्यासोबत आलेला मेहुणाच गोंधळला. बोर्डही पुठ्ठ्याचा जाऊन चांगला छापील आला. त्यावरची "कृपया वाद घालू नये" ही ओळ शेठजींनी काढून टाकायला लावली. म्हणाले, घालू दे की वाद, तेवढाच बोलतो माणूस.

शहरातल्या मेडिकलवाल्यांच्या बैठकीत मी हा विषय काढला होता. सगळ्यांनी हा नियम करावा म्हटलं. काही हसले, काहींनी मान डोलावली, एकानं विचारलं की ताई, किराणा दुकानात, पानटपरीवर या गोळ्या मिळतात, तिथं कोण बोर्ड लावणार? त्याचं खरं होतं. एका दुकानाचा नियम म्हणजे नऊ दारं उघडी ठेवून दहाव्या दाराला कडी. हे काम खरं कायद्याचं आहे. तो जेव्हा होईल तेव्हा होवो. तोवर पाच-सहा दुकानांनी बोर्ड लावले आहेत, त्यांत समोरचं मेडिकल आहे. शेठजींना याचा आनंद लपवता येत नाही आणि मान्यही करता येत नाही.

एक रुखरुख आहे, ती जाणार नाही. धुळ्याच्या प्रशिक्षणाआधी मान खाली घालून मी किती जणांना पट्ट्या दिल्या, त्यांतलं कोण तारीख न बघता गेलं, मला कधीच कळणार नाही.

अक्कांच्या डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं, औषधं एकदम घरात ठेवू नका. मग मुलाशी आणि अक्कांशी बोलून असं ठरलं की महिन्याचं औषध माझ्याकडे राहील आणि अक्का ते दोन-दोन दिवसांचं नेतील. अक्कांनी कुरकुर केली. म्हणाल्या, चाळीस वर्षं मी पोरांना रोज शाळेत यायला लावलं, त्याचा हा सूड आहे. पण तिसऱ्या दिवशी यायच्याच. मी मोजून द्यायची आणि विचारायची, "अक्का, मनात काही?" त्या कधी म्हणायच्या, आहे थोडं. मग मी काउंटरबाहेर येऊन बसायची. कधी म्हणायच्या, आज नाही.

या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण महिन्याचं घरी न्यायला हरकत नाही. अक्का पिशवी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, सुटले बाई तुझ्या हजेरीतून. मी हसले, पण दुकान रिकामं वाटलं हे खरं.

तिसऱ्या दिवशी अक्का काउंटरसमोर उभ्या. मी हातातली कात्री ठेवून पुढे झाले. म्हटलं, औषध संपलं कसं?

"संपलं नाही. महिनाभराचं आहे."

"मग काय देऊ?"

"काही देऊ नकोस. विचार की."

दुकानात चार माणसं होती. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि विचारलं.